कितव्या किलोमीटरला?

नगवा : वळू नकोस! शौकी, वळू नकोस म्हणतेय ना! सरळ चल.

शौकी : अगं, हेच आपलं फाटक. रीमच्या जन्माआधीपासून मी इथेच वळतोय. हात आपोआप वळतात.

नगवा : मग हातांना सांग, आज आपण इथे राहत नाही.

रीम : आई, फाटकावरच्या सालेहकाकांनी हात केला होता. आता बघत उभे असतील, इंजिनियरसाहेब न थांबता कुठे निघाले म्हणून.

शौकी : मीही तेच बघतोय. कैरोहून निघताना तू म्हणालीस, समुद्रावर जायचं. समुद्र हा काय, उजव्या हाताला. आणि तो पार लिबियापर्यंत उजव्या हातालाच आहे. मग आणखी कुठे जायचंय?

नगवा : समुद्र असून काय उपयोग? तो कितव्या किलोमीटरला आहे, ते बघतात.

शौकी : कोण बघतं? मासे?

नगवा : जीहान बघते! तुझ्या मुलीची होणारी सासू. गेल्या आठवड्यात तिचा पहिला फोन आला. तब्येतीची चौकशी नाही, मुलीच्या शिक्षणाची नाही. काय विचारलं असेल? 'तुम्ही उन्हाळ्यात कितव्या किलोमीटरला असता?'

शौकी : मग सांगायचं ना, एकसष्ट.

नगवा : एकसष्ट! ती सान्तेरात असते, अलेक्झांड्रियापासून एकशे एक्केचाळीसला. एकसष्ट म्हटलं असतं तर तिला वाटलं असतं, आपण अजून अलेक्झांड्रियातून बाहेरच पडलो नाही.

रीम : म्हणून आईने सांगून टाकलं, आम्ही सेलेस्तियात असतो.

शौकी : ते काय असतं?

रीम : बीच आहे, बाबा. एकशे चौतीसला.

शौकी : मला वाटलं पोटाचं औषध. जेवणानंतर एक सेलेस्तिया, कोमट पाण्याबरोबर. आणि सान्तेरा काय, खोकल्याचं?

नगवा : हस. तुला काय, सगळ्याचंच हसू येतं. ती आज संध्याकाळी येणार आहे, ठाऊक आहे ना? 'तुमच्याच बीचवर चहा घेऊ आणि साखरपुड्याची तारीख ठरवू,' असं म्हणाली. मी काय म्हणणार होते? येऊ नका?

शौकी : म्हणजे आपण आता आपलं नसलेलं घर दाखवायला आपलं घर टाकून पुढे चाललोय.

नगवा : घर दाखवायचं नाहीये. नुसता बीच. छत्रीखाली बसायचं, चहा मागवायचा, उन्हं उतरली की ती तिच्या घरी, आपण आपल्या.

शौकी : आणि आत कसे शिरणार? असल्या ठिकाणी म्हणे मालकाच्या सावलीलासुद्धा पास लागतो.

नगवा : पास आहे. मोबाईलवर मागवलाय. माझ्या शिकवणीला एक मुलगा येतो ना, गणितात सारखा आपटणारा, त्याच्या आईचं घर आहे तिथे. तिच्याकडे मागितला, एका दिवसापुरता.

शौकी : मागितलास? तू? जिने शेजारणीकडे कधी मीठ मागितलं नाही, ती?

नगवा : हो, मागितला. आता त्यावर भाषण नको.

रीम : पण पास त्या बाईंच्या नावावर आहे, बाबा. इंजी शेरबीनी. आज आई म्हणजे इंजी.

शौकी : अरे वा! मग मी आज कोण?

रीम : इंजीबाईंचा नवरा.

शौकी : तो काय करतो?

रीम : फरश्या विकतो. बाथरूमच्या.

शौकी : चला. आयुष्यभर सरकारचे कालवे खोदले, शेवटी बाथरूममध्येच आलो.

नगवा : शौकी, गाडी नीट चालव.

शौकी : नीटच चालवतोय. तुला आठवतं, आपलं लग्न झालं तेव्हा मोठी माणसं अगामीला जायची. मग अगामीला आपल्यासारखे पोचले, तशी ती मंडळी मरीनाला पळाली. मरीनात आपल्यासारखे घुसले, की यांनी पुन्हा सामान बांधलं. आपण आलो की ती पश्चिमेला सरकतात. असंच चाललं तर रीमच्या पोरांना पासपोर्ट घेऊन पोहायला जावं लागेल.

रीम : बाबा!

शौकी : खोटं आहे का? पाणी तेच. वाळू तीच. नुसते मैलाचे दगड बदलले.

नगवा : माणसं तीच नाहीत ना! आपल्याकडे काय दाखवू मी तिला? फाथी इंजिनियर सकाळी उठून पायजम्यात किनाऱ्यावर येतो आणि अख्ख्या गावाला ऐकू जाईल असा रेडिओ लावतो. त्याची बायको वाळूत फतकल मारून कोबीच्या पानांत भात भरत बसते. बायका घरातल्या झग्यासकट पाण्यात शिरतात, झगा फुगून वर येतो, मग एकमेकींचा झगा खाली दाबत खिदळत बसतात. हे बघायचं तिने?

शौकी : फाथीच्या बायकोची ती कोबीची महशी तू दोनदा वाढून घेतेस.

नगवा : घेते. म्हणून काय व्याह्यांना दाखवायची असते?

शौकी : नगवा, एक विचारू? सोडतीत आपला नंबर लागला, ते घर मिळालं, तेव्हा तू रडली होतीस. मला वाटलं आनंदाने. त्या घराची तुला लाज वाटते, हे मला आज कळतंय. आणि खरं सांगू, मला लागलंय ते.

नगवा : लाज नाही वाटत रे. भीती वाटते. तू पुरुष आहेस, तुला नाही कळायचं. तुझी आई माझ्या माहेरच्या जिन्याला दिवा नव्हता, हे मरेपर्यंत बोलून दाखवायची. जेवायला बसलं की जिना. पाहुणे आले की जिना. मी तेव्हाच ठरवलं होतं, माझ्या मुलीला असा जिना नको.

रीम : आई, पण मी हाझेमशी लग्न करतेय. आणि हाझेमला एकसष्ट माहीत आहे. पहिल्याच भेटीत सांगितलंय मी.

नगवा : लग्न हाझेमशी, पण नांदायचं जीहानच्या घरात. तिने एकदा तुला 'एकसष्टवाली' म्हटलं की झालं. मग तू घरात सोन्याची वीट जरी ठेवलीस ना, तरी तू एकसष्टवालीच.

शौकी : तीही तुझ्यासारखीच डोकं झाकते की. फोटोत बघितलं मी.

नगवा : झाकते. पण तिचा रुमाल पॅरिसचा. हळू, हळू कर... हेच फाटक. वळ. आता तोंड बंद. आणि रीम, तू ते कलिंगड पायाखाली ढकल.

शौकी : नमस्कार, साहेब. ... हो, पास आहे. ही बघा, मोबाईलवर चौकडी चौकडीची रांगोळी. ... इंजी शेरबीनी, हो. या मागे बसल्यात. ... मी? मी फरश्या. ... नाही, म्हणजे त्यांचा नवरा. ... सामान कसलं, टॉवेल आहेत. ... ते? ते कलिंगड आहे. ... अहो, कलिंगडाला कसला पास? ... बाहेरचं खाणं चालत नाही? बाहेरचं कुठलं, आमच्या घरचं आहे. ... बरं, ठेवा बाबा. ठेवा. जाताना देणार ना पण? ... देणार.

नगवा : तरी मी म्हणत होते, कलिंगड नको.

शौकी : म्हणाला, 'या हाजीणबाई, उजवीकडे गाडी लावा.' तुला म्हणाला ते.

नगवा : ऐकलं मी. पुढच्या गाडीतल्या उघड्या डोक्याच्या बाईला मॅडम म्हणाला होता.

(सेलेस्तियाच्या आत. पोहण्याच्या तलावाकाठी, पांढऱ्या छत्रीखाली तिघं.)

रीम : बाबा, समुद्राकडे बघत बसू नका असं. इथे कुणीच बघत नाही.

शौकी : तेच मला कळेना. सगळ्या खुर्च्या समुद्राकडे पाठ करून मांडल्यात. एवढ्या लांब येऊन लोक या निळ्या हौदाकडे बघतायत. समुद्रावर रागावलेत का?

रीम : लाल झेंडा लावलाय. लाटा आहेत ना. इथे बहुतेक रोजच लाल असतो म्हणे.

शौकी : मग समुद्र ठेवलाय कशाला?

रीम : फोटोत मागे दिसायला.

नगवा : तुम्ही दोघं जरा हळू बोला. ती पलीकडची बाई बघतेय. रीम, तू जा, पोह बघू. नवा पोशाख घेतलाय ना तुला. लोकांना दिसू दे आपण इथलेच आहोत.

रीम : तू चल ना. पायघोळ अबायाच्या आत घालून आलीयेस, मला माहीत आहे. गाडीतच बघितला मी तो फिरोजी कपडा.

नगवा : येते. आधी पाय बुडवून बघते. कैरोत काय उकडत होतं, आठवडाभर मी हेच पाणी डोळ्यांपुढे आणत होते. ... अगं बाई, गार आहे! शौकी, ये ना तूही.

शौकी : तो शिट्टीवाला आपल्याकडे का येतोय?

नगवा : कोण? ... काय झालं, बाळा? ... हो, उतरतेय. ... अंगभर असले तरी हे पोहण्याचेच कपडे आहेत. खास पोहण्यासाठीच शिवलेले असतात, दुकानातून आणलेत. ... नाही चालत? म्हणजे?

रीम : का नाही चालत? ... कुठला बोर्ड? ... वाचलाय मी. 'फक्त योग्य पोशाखात'. मग हा अयोग्य आहे? त्या पलीकडच्या काकांचं पोट बघा आणि मग योग्य काय ते सांगा मला. ... स्वच्छतेचा प्रश्न? माझी आई मळकी आहे का?

नगवा : रीम! आवाज खाली.

रीम : नाही, सांगू दे त्याला. ... नियम तुम्ही केला नाही, कळलं. मग ज्याने केला त्याला बोलवा. ... रहिवाशांची इच्छा आहे? कुठल्या रहिवाशांची?

नगवा : पुरे. बाळा, तू जा. तुझी चूक नाही. मी नाही उतरत. बघ, पाय काढला.

शौकी : नगवा, ऊठ. घरी चल.

नगवा : खाली बस, शौकी. काही झालेलं नाही. नुसतं पाण्यात उतरायचं नाहीये, एवढंच. चहा घ्यायचाय आपल्याला. चहाला कपडे चालतात.

शौकी : सत्तर किलोमीटरवर तुझा स्वतःचा समुद्र आहे. तिथे तुला कोणी शिट्टी वाजवत नाही.

नगवा : मला तो समुद्र नकोय! मला तारीख हवीये. एकदा तारीख ठरू दे, मग तू मला कालव्यात पोहायला ने. रीम, तू जा पाण्यात.

रीम : तू काठावर बसणार आणि मी पोहणार?

नगवा : त्यात काय मोठं? मी बसेन. पुढे तुझ्या सासरी आले की अशीच बसेन. सवय होते माणसाला.

रीम : मला नाही व्हायची.

नगवा : फोन. शू... जीहानच आहे. गप्प बसा दोघं. ... हॅलो! जीहानबाई! कशा आहात? ... हो हो, सकाळीच पोचलो. ... छे, गर्दी कसली, इथे सगळे घरचेच वाटतात. ... पाणी? पाण्याचं काय सांगू, नुसतं शांत, चटई अंथरल्यासारखं. मी तर आत्ताच बाहेर आले, अजून अंगावरून निथळतंय. ... हो, मी. मीच. ... कपडे काय, आपले असतात ना, डोक्यापासून पायापर्यंतचे, तेच. ... ... काय म्हणालात? ... एक मिनिट हं, जीहानबाई, जरा धरा.

रीम : काय झालं? पांढरी का पडलीस?

नगवा : हात ठेवलाय मी फोनवर. विचारतेय, 'तुम्हाला उतरू दिलं? तिथे?' तिला इथला नियम माहीत आहे, शौकी. आता काय सांगू?

शौकी : मी आज फरशीवाला. मला विचारू नकोस.

नगवा : शौकी, मस्करी नको रे.

शौकी : बरं, नाही करत. खरं सांग. खोटं बोलताना तू मला मघापासून अनोळखी वाटतेयस. मला माझी बायको परत हवीये.

नगवा : तारीख जाईल.

रीम : जाऊ दे. तारखेचं हाझेम आणि मी बघू. त्या घरात शिरायला तुला असं कायम काठावर बसावं लागणार असेल, तर मला आत्ताच कळलेलं बरं.

नगवा : रीम, माझी पर्स धर. इथे गाणं फार वाजतंय. मी त्या भिंतीपाशी जाऊन बोलते.

शौकी : चप्पल तरी घाल, फरशी तापलीये. ... गेली अनवाणीच.

रीम : बाबा, मी जास्त बोलले का?

शौकी : नाही. मी मात्र कमी बोललो. त्या पोराने हटकलं तेव्हा मी उठायला हवं होतं. तू उठलीस. मला माझीच शरम वाटली.

रीम : बघा, बोलायला लागली. हात कसा हलवतेय.

शौकी : हा हात मी ओळखतो. कबुलीचा हात आहे. मुलांना चुकीचं उत्तर शिकवलं की दुसऱ्या दिवशी वर्गात अशीच उभी राहते, 'काल मी चुकले' म्हणून.

रीम : आता थांबली. नुसतं ऐकतेय.

शौकी : झाडाझडती चाललीये वाटतं पलीकडून.

रीम : फार वेळ ऐकतेय, बाबा. तिला कुणी एवढं बोललं तर ती असं ऐकून घेत नाही.

शौकी : तुझ्यासाठी घेईल. ... खाली बसली बघ, भिंतीला टेकून. रडतेय का ती?

रीम : दिसत नाही इथून. जाऊ का मी?

शौकी : थांब. उठली. येतेय. तू काही विचारू नकोस, तिला आधी बसू दे.

रीम : आई, काय म्हणाल्या?

शौकी : विचारलंच शेवटी!

नगवा : सगळं सांगितलं. घर इथलं नाही, पास आपला नाही, नावसुद्धा आज माझं नाही. एकसष्टला राहतो म्हटलं, पाण्याच्या टाकीजवळच्या जुन्या वसाहतीत. आणि रीमने काही लपवलं नाही, लपवलं ते मी, हेही सांगितलं.

शौकी : मग? काय बोलली ती?

नगवा : त्यांनी विचारलं, तुमच्याकडे बायका पाण्यात कशा उतरतात? म्हटलं, जशा असतील तशा.

रीम : झग्यांचं सांगितलंस?

नगवा : झग्यांचं सांगितलं. फाथीच्या बायकोचंही सांगितलं. हसल्या. आणि मग एकदम बोलायलाच लागल्या. सान्तेरातही असाच बोर्ड आहे. घर घेतलं त्या उन्हाळ्यापासून त्यांनी पाण्यात पाय घातलेला नाही. नवरा पोहतो, मुलं पोहतात, या छत्रीखाली सगळ्यांचे टॉवेल सांभाळतात. लोक विचारतात तेव्हा सांगतात, मला पाण्याची आवडच नाही.

शौकी : आणि नवरा?

नगवा : नवऱ्यालाही तेच खरं वाटतं.

शौकी : फरशीवाल्यापेक्षा वाईट निघाला.

नगवा : शौकी, टॉवेल उचल. आपण निघतोय. त्या एकसष्टला येतायत, टॅक्सी करून. घरी सांगणार आहेत की सेलेस्तियात चहाला चालले. तुझ्या तोंडून हाझेमच्या बापाला यातलं काही कळता कामा नये. आणि माझ्याकडे दुसरा एक पोशाख पडलाय, तो त्यांना द्यायचाय. त्यांच्याकडे नाहीच.

रीम : आणि तारीख?

नगवा : तारखेचं म्हणाल्या, आधी पाण्यात तर उतरू. मग बोलू.

रीम : मग तुझ्या डोळ्यांत पाणी का?

नगवा : फोन ठेवताना एक विचारलं त्यांनी. अगदी हळू, शेजारी कुणी असल्यासारखं. म्हणाल्या, इतकी वर्षं उतरलं नाही तर माणूस पोहायला विसरतो का हो?

शौकी : तू काय सांगितलंस?

नगवा : म्हटलं, आमच्याकडे लांबपर्यंत कमरेएवढंच पाणी आहे.